ओव्हाळ सरांची बिनजोडाक्षरी गोष्ट

"टॅब बंद करू नका!"

आमच्या शाळेत सकाळी शिरलात तर प्रार्थनेच्या आधी तुमच्या कानावर हे वाक्य पडलं असतं. ते म्हणणारे गृहस्थ म्हणजे यशवंत ओव्हाळ, नववीचे मराठीचे शिक्षक. आणि टॅब म्हणजे शिक्षकांच्या खोलीतल्या संगणकावर त्यांनी उघडून ठेवलेली संकेतस्थळं. आमच्या शाळेत संगणक पुष्कळ आहेत, चालू एक आहे, आणि तो एक ओव्हाळ सरांच्या ताब्यात होता. टॅब इतके झाले होते की पडद्याच्या वरच्या कडेला ते नुसत्या काड्यांसारखे दिसत. नावं वाचता येत नसत. सर त्यांना जागेवरून ओळखत.

"मॅडम, डावीकडचा तो ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या शेजारी घुबडाच्या चित्राचा आहे. घुबडाला कृपया हात लावू नका. ते उघडायला मधली सुट्टी गेली होती."

मी गणित शिकवते. मला हजेरी भरायला संगणक लागायचा. पण घुबडाला धक्का न लावता हजेरी भरणं हे काम गणिताच्या शिक्षिकेच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून मी ती मोबाइलवर भरायचे, खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून, कारण लोणावळ्याच्या अलीकडच्या त्या वळणावर मोबाइलचं नेटवर्क शाळेच्या आत येत नाही. त्यालाही शाळेचा कंटाळा असावा.

हे सगळं सुरू झालं ते मुख्याध्यापकांच्या एका शब्दामुळे. नववीत काही मुलं अशी होती की ज्यांना वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं ओळखायची, पण शब्दापर्यंत पोचेस्तोवर पहिलं अक्षर विसरायची. वाचता न येता नववीत येणं सोपं नाही, त्याला फार हुशारी लागते. औंढ्याची कोमल होती, तिची वाचायची पाळी आली की तिला ठसका लागे. इतका खरा ठसका की तीन-चार बाटल्या पुढे येत आणि धडा पुढच्या मुलीकडे जाई. गणेश होता. त्याला मिसरूड फुटलेलं. शनिवार-रविवार तो पॉइंटवर पर्यटकांना भाजलेली कणसं विकायचा आणि त्याला हिंदी, इंग्रजी आणि थोडीशी गुजराती बोलता येत होती. वाचता मात्र एकही भाषा येत नव्हती.

चाचणीचे निकाल आले. मुख्याध्यापक बैठकीत म्हणाले, "या मुलांचं काहीतरी करा."

शाळेत 'काहीतरी करा' याचा अर्थ अहवाल लिहा असा होतो. आम्ही सगळे अनुभवी होतो, आम्ही अहवाल लिहायला घेतले. ओव्हाळ सरांनी मात्र वाक्याचा शब्दशः अर्थ घेतला. मराठीच्या शिक्षकांचा हा दोषच असतो.

दुसऱ्या दिवशी सर कान्ह्याहून नेहमीच्या लोकलने आले, डबा कपाटात ठेवला, संगणकासमोर बसले आणि एका बोटाने टाइप केलं: किशोरवयीन मुलांना वाचन शिकवण्यासाठी ऑनलाइन साधने. त्या दिवसापासून ते आमच्यात फक्त शरीराने होते.

मराठीत शोधलं की त्यांना दोनच गोष्टी सापडत. शासनाचं परिपत्रक आणि बालवाडीच्या मुलांना मुळाक्षरं शिकवणारा कार्टूनमधला ससा. परिपत्रकात लिहिलेलं असे की ऑनलाइन साधनांचा वापर करावा. आणि ती साधनं म्हणजे ससा. मग सर इंग्रजीकडे वळले. तिथे साधनांचा पूर होता, पण प्रत्येक साधनाच्या दारात एक फॉर्म. नाव लिहा, शाळा लिहा, राज्य निवडा. यादीत महाराष्ट्र नसायचा. सरांनी 'म'पासून सुरू होणारं बघून मेरीलँड निवडलं. त्यामुळे आजही अमेरिकेच्या माहितीप्रमाणे आमची शाळा मेरीलँडमध्ये आहे. पुढे हिवाळ्यात त्यांना पत्र आलं, "प्रिय श्री. ओव्हाळ, बर्फामुळे आपली शाळा बंद असेल. घरी सुरक्षित राहा." सरांनी शांतपणे उत्तर पाठवलं, "आपल्या आस्थेबद्दल आभारी आहे. येथे केवळ धुके आहे. शाळा चालू आहे."

फॉर्मच्या शेवटी 'मी यंत्र नाही' अशी चौकट असे. तिथे खूण करण्याआधी सर क्षणभर थांबत, जणू स्वतःची खात्री करून घेत. मग चित्रं यायची. यातले आग विझवायच्या पाण्याचे नळ ओळखा. रस्त्याच्या कडेला उभा असलेला तो बुटका लाल नळ सरांनीच काय, मावळ तालुक्यात कुणीही पाहिलेला नव्हता.

"मॅडम, जरा इकडे या. हा नळ आहे की शेंदूर लावलेला दगड?"

"दगड वाटतोय."

मग संगणक सरांना यंत्र ठरवायचा आणि सर पुन्हा नम्रपणे सुरुवात करायचे.

एकदा त्यांनी डबे उघडायच्या वेळेला कुठल्याशा परदेशी चर्चासत्राला हजेरी लावली. कॅमेरा चालू राहिला. 'मोठ्या मुलांचं वाचनभय' या विषयावर जगभरचे तज्ज्ञ बोलत होते आणि त्यांच्या मागे मी थालीपीठ खात होते. शेवटी एका बाईंनी विचारलं की मागच्या सहकारी काय खात आहेत. सरांनी पाककृती सांगितली. माझ्या माहितीप्रमाणे त्या चर्चासत्रातून निघालेली ती एकमेव उपयोगी गोष्ट.

सरांचं मराठी छापील. साधं पाणी मागायचं तरी "मला किंचित पाणी मिळेल का" म्हणायचे. राहायचे एकटे. लग्न का केलं नाही, हे आमच्या खोलीत कुणी विचारत नसे. एरवी आमच्या खोलीत कुणाच्या घरात कोणती भाजी शिजली इथपासून चौकशी होते. पण सरांना असलं काही विचारलं की ते लगेच म्हणत, "या, तुम्हाला एक टॅब दाखवतो." आणि मग तुमचा अख्खा तास जाई. त्यामुळे माणसं सावध झाली होती.

शेवटी सरांनी एक साधन निवडलं. मराठी, आवाजासकट. ते मोबाइलवर उतरवून घेतलं, मोबाइलला लहानसा स्पीकर जोडला आणि ती मुलं तास संपल्यावर मागच्या खोलीत बसवली. पडद्यावर ससा आला. गणेशने 'क' वर बोट ठेवलं.

"शाब्बास बाळा!" ससा किंचाळला. "तू खूप हुशार आहेस! चल, टाळ्या वाजवू!"

आवाज व्हरांडा ओलांडून दहावीच्या वर्गापर्यंत गेला. त्या दिवसापासून मिसरूड फुटलेल्या गणेशचं नाव 'शाब्बास बाळा' पडलं. पॉइंटवर कणसं विकतानासुद्धा पोरं लांबून हाक मारायची. कोमलने तर पडद्याकडे बघितलंही नाही. दप्तर उचललं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

सर म्हणाले, "मॅडम, आपण तिच्या घरी जाऊ. मुलीच्या घरी मी एकट्याने जाणं बरं दिसत नाही."

मी गेले. औंढ्यात त्यांचं घर रस्त्यालाच होतं. कोमल अंगणात भांडी घासत होती. आम्हाला बघून उठली नाही. तिची आई बाहेर आली, "या सर, या मॅडम, बसा," म्हणाली आणि सतरंजी टाकली. ती पर्यटक पाव्हणे उतरतात अशा एका बंगल्यावर कामाला जायची.

"सर, तिला आता साळा नगं म्हंती. नवलाख उंबऱ्याला माजी भन हाय, कंपनीच्या कँटीनला. तितं लावून देते म्हंती भन."

"कोमल," सर म्हणाले, "तुला काही अडचण आहे का?"

कोमलने तवा खाली ठेवला. "सर, मी रविवारी आयसंगं बंगल्यावर जाते. पंचवीस-तीस पाव्हण्यांच्या भाकरी मी येकटी थापते. तितले सायेब मला ताई म्हंत्यात. आन् तुमच्या साळंत ससा मला शाब्बास बाळा म्हनतोय. मला न्हाई यायचं."

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं आता ते एखाद्या संकेतस्थळाचं नाव सांगतील. पण ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबशील? ससा पुन्हा येणार नाही. मी शब्द देतो."

"मंग काय येनार?" कोमल म्हणाली.

सरांना ते माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे असं सांगायची कला, जिच्यावर आमचा सगळा व्यवसाय चालतो, ती त्यांना कधीच जमली नाही. "मलाही ठाऊक नाही," ते म्हणाले. का कोण जाणे, कोमल त्यावर हसली.

दुसऱ्या दिवशी सरांनी टॅब बंद केले. एकेक करून. शिक्षकांच्या खोलीत सगळे उभे राहिले. ऑस्ट्रेलिया गेला, मेरीलँड गेलं, घुबड गेलं. शेवटी पडदा कोरा झाला तेव्हा चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"सगळं पाहून झालं," ओव्हाळ सर म्हणाले. "लहान मुलांसाठी सोपं आहे. मोठ्या मुलांसाठी अवघड आहे. मोठ्या मुलांसाठी सोपं असं कुणी लिहिलेलंच नाही. इंग्रजीत थोडं आहे, पण त्यात मुलगा नाचाच्या समारंभाला कुणाला न्यावं या काळजीत आहे. आपल्या गणेशला ती काळजी नाही."

"मग?"

"मग लिहावं लागेल."

आणि सर गोष्ट लिहू लागले. अट एकच. गोष्टीत जोडाक्षर नको, कारण ही मुलं जोडाक्षरापाशी अडखळायची. ही अट ऐकायला साधी आहे. तुम्ही पाळून बघा. 'शिक्षक' लिहिता येत नाही. 'विद्यार्थी' लिहिता येत नाही. 'मुख्याध्यापक' तर अजिबात नाही, त्यात दोन आहेत. ज्यांना आम्ही शिकवतो त्या मुलांना आमच्यापैकी एकाचंही पद वाचता येत नव्हतं आणि तरी त्यांचं काही अडलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खुद्द 'ओव्हाळ'मध्ये जोडाक्षर. मुलं त्यांना 'ओवाळ सर' वाचायची.

पहिला भाग असा होता:

'सकाळ झाली. सुमन विहिरीवर गेली. वसंत सायकल घेऊन आला. सुमन हसली. वसंत पडला.'

एवढंच. कागद मागच्या खोलीत वाटला. गणेशने बोट ठेवून, घाम पुसत, शेवटपर्यंत वाचलं. 'पडला'पाशी आला आणि थांबला. मग मोठ्याने हसला. वाचून हसायची ती त्याची पहिलीच वेळ. मग तो बातमी द्यायला व्हरांड्यात धावला, "वसंत पडला! तिला बगून पडला!"

दुसऱ्या दिवशी बोलावलेली मुलं तर आलीच, न बोलावलेलीही आली. कोमल दारातल्या बाकावर बसली, म्हणजे निघून जाता येईल.

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. त्यांनी सरांना बोलावलं. मला साक्षीदार म्हणून थांबवलं.

"ओव्हाळ, नववीच्या मुलांना प्रेमकथा?"

"साहेब, त्यात 'प्रेम' हा शब्दच नाही. असूच शकत नाही. जोडाक्षर आहे."

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. "हे काय? 'पाऊस आला. दोघं भिजली.' भिजली? दोघं? एकत्र?"

"साहेब, छत्रीत जोडाक्षर आहे."

मुख्याध्यापकांच्या इतक्या वर्षांच्या सेवेत कुणीही भिजण्याचं असं व्याकरणशुद्ध कारण दिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. मॅडम रोज मागे बसतील आणि आक्षेपार्ह काही नाही ना, ते पाहतील. गणिताच्या शिक्षिकेला नैतिकतेचं काम देण्यामागे काय तर्क होता, मला कळला नाही. पण मी बसू लागले.

आणि खरं सांगते, मीही वाट बघू लागले. गोष्टीत फारसं काही घडत नव्हतं. सुमन विहिरीवर जायची, शाळेत जायची, मैदानात धावायची, गाणं गुणगुणायची. तिला आवळे आवडायचे. तिला पोहायला येत होतं. तिने एकदा शाळेतली घंटा लपवून ठेवली. वसंत जेमतेम असायचा. आला, गेला, पडला, गप बसला. पण मुलं कागद हातात पडायच्या आधीच ओढून घ्यायची. कोमल दारातल्या बाकावरून मधल्या बाकावर आली. मग पुढे. एक दिवस तिने आपणहून वाचलं. ठसका लागला नाही. दिवाळी आली, तिची मावशी तिला न्यायला आली, तर ही म्हणाली, "सुमनचं काय व्हतंय ते बगून येते." मावशी एकटीच परत गेली.

मात्र दिवाळीनंतर गोष्ट एकाच जागी फिरू लागली. पुन्हा विहीर, पुन्हा सायकल. मुलं कंटाळली असती तर बरं होतं. ती चिडली.

"सर," गणेश म्हणाला, "किती दिवस नुसतंच पानी भरनार? लग्न करून टाका त्यांचं."

सर फळ्याकडे वळले. "गणेश, 'लग्न' या शब्दात जोडाक्षर आहे. आपण अजून तिथवर आलेलो नाही."

इतके दिवस तो नियम मुलांसाठीच होता, त्यांनी तो कधी मोडला नव्हता. मी मागे बसून मनात म्हटलं, सर, व्याकरणाच्या आड छान लपता येतं.

तेवढ्यात कोमल उठली. फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: लगीन.

"हे बगा," ती म्हणाली. "आमच्यात समदी लगीनच म्हंत्यात. ह्यात कुटं हाय जोडाक्षर?"

वर्ग टाळ्या वाजवू लागला. सर फळ्याकडे बघत उभे होते. ते आता शुद्धलेखन सुधारतील असं मला वाटलं. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'पाणी' म्हणायला लावल्याशिवाय न सोडणारा माणूस. त्यांनी डस्टर उचललं, मग खाली ठेवलं.

"न्हाई झालं," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. सरांच्या तोंडून 'न्हाई' मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं, त्यांनीही बऱ्याच वर्षांत ऐकलं नसावं.

"लगीन न्हाई झालं, बाळा. सुमनचं झालं. तिकडं, लांब."

"का पन?" कोमल म्हणाली. "त्यो तर चांगला व्हता."

"सुमन वरच्या आळीतली. वसंत खालच्या वस्तीतला."

'म्हणजे काय' असं कुणीही विचारलं नाही. वरच्या आळीत कोण राहतं आणि खालच्या वस्तीत कोण, हे शिकवायला आमच्याकडे कुठलंही साधन लागत नाही. ते मुलांना अक्षरांच्या फार आधी येतं. ओव्हाळ सरांचं घर बुद्धविहाराला लागून आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही कधी त्याच्या पुढे विचार केला नव्हता, इतकंच.

"मंग वसंत?" गणेशने विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "त्यो कुटं असतो आता?"

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"हितंच असतो," ते म्हणाले.

बाहेर मोटारी घाट चढत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं उठावं, घंटा झाली म्हणावं. मी उठले नाही.

कोमल अजून फळ्यापाशीच होती. तिने हातातला खडू सरांपुढे धरला. "मंग सुमनचं बास झालं सर. ती गेली तिकडं. आता वसंतची गोष्ट लिवा."

"ती लिहिता येणार नाही," सर पुन्हा छापील मराठीत आले, पण आवाज काही छापील झाला नाही. "तिची गोष्ट सोपी असते. 'तिला', 'तिने', 'तिचा', कशातच जोडाक्षर नाही. 'त्याला' लिहायचं झालं तर जोडाक्षर लागतं. 'त्याने'लाही लागतं. त्याचं काहीही सांगायचं तर लागतं."

"मंग शिकवा की," कोमल म्हणाली. "आमी काय पळून चाललोय व्हय?"

गणेशने दप्तरातून पेन काढलं. बाकीच्यांनीही काढली. मग सरांनी कोमलच्या हातातून खडू घेतला, 'लगीन' तसंच ठेवलं, आणि त्याच्या खाली लांबूनही दिसेल एवढं मोठं, अर्धा त काढून त्याला य जोडला.